तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यांनी गोळा केलेल्या आकड्यांवरचं संशोधन

"मॅडम, मी गावोगाव फिरले नाही, प्रश्नावली भरून घेतली नाही, नुसती जनगणनेची आकडेवारी वापरली, तर ते संशोधन धरतात का?" प्रबंधाचे दिवस आले की पणजीत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो.

धरतात, आणि धरायलाच हवं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दरखाईमने १८९७ साली आत्महत्येचा अभ्यास मांडला, तो सरकारी नोंदींच्या आधारावरच. पोर्तुगीज अमदानीतल्या एखाद्या गावाबद्दल लिहायचं, तर मुलाखतीला माणूस कुठून आणणार? पुराभिलेखागारातले कागदच चाळावे लागतात.

खरी अडचण वेगळी आहे. तक्त्यातला आकडा तुमच्यासाठी काढलेला नसतो. कुणीतरी आपल्या कामासाठी काहीतरी विचारलं, त्याचं ते उत्तर असतं. म्हणून आधी मूळ प्रश्न शोधा, हा माझा आग्रह.

इथलंच बघा. २०११च्या जनगणनेत गोव्यात मातृभाषा कोकणी असलेले सुमारे ६६ टक्के, मराठी असलेले सुमारे ११ टक्के. हे ११ टक्के म्हणजेच गोव्यातले मराठी वाचक, असं धरून बिनदिक्कत लिहिलं जातं. पण प्रगणकाच्या लेखी मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी बोलायची ती भाषा. आता डिचोली-फोंड्याकडचं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. आई मुलांशी कोकणीत बोलते, सकाळी मराठी पेपर येतो, जत्रेला देवळासमोर मराठी नाटक होतं आणि त्यात घरातलाच कुणी उभा राहतो. ही मुलं ६६ टक्क्यांत मोजली गेली, आणि ते बरोबरच आहे. उलट, आईची भाषा मराठी पण शाळेची पायरीही न चढलेला माणूस ११ टक्क्यांत गेला.

मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही जनगणनेत विचारल्या जातात. त्यांचा तक्ता निराळा, सी-१७. तो फारसा कुणी उघडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अर्थात तिथेही भाषा बोलता-समजता आली की पुरे, वाचता यायची अट नाही. म्हणजे मराठी वाचकांचा आकडा जनगणनेत नाहीच. त्यासाठी मात्र स्वतः दारोदार जावं लागेल. पण हे तक्ते वाचून गेलात तर काय विचारायचं ते पक्कं असेल.

तालुक्यांची तुलना करतानाही जपून. २०११च्या तक्त्यांत ११ तालुके आहेत, नव्याने झालेला बारावा तालुका धारबांदोडा त्यांत नाही. 'गोवा ६२ टक्के शहरी' या आकड्यात तर जनगणनेने शहर ठरवलेली, पण कारभार अजून पंचायतीकडेच असलेली कितीतरी गावं आहेत.

आणि २०२१ची जनगणना झालीच नाही. नवे आकडे हाती येईपर्यंत २०११चेच वापरा, फक्त प्रत्येक तक्त्याखाली वर्ष लिहा आणि शेजारी मूळ प्रश्न, जसा विचारला तसा.