मालकांच्या बाजूची वकील

बर्मिंगहॅमहून सुट्टीला सांगलीत आलं की पहिल्या दोन दिवसांत मामाकडे हजेरी लावावीच लागते. मामाचं कुपवाड एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे. यंदा भडंगाची ताटली पुढं सरकवत त्यानं विचारलं, "तिकडं बरं असतंय न्हवं? माणूस नको झाला की सांगायचं, उद्यापासून येऊ नको."

मी इंग्लंडमध्ये नोकरीविषयक कायद्याचं काम करते, तेही फक्त मालकांच्या बाजूनं. आणि माझा निम्मा दिवस मालकांना नेमकं हेच वाक्य बोलण्यापासून थांबवण्यात जातो.

फोन हमखास शुक्रवारी दुपारी येतो. मालक तापलेला. मी विचारते, कामगाराला आरोप लेखी दिलेत? त्याचं म्हणणं ऐकलंत? सोबत सहकारी किंवा युनियनचा माणूस आणता येतो, हे सांगितलंत? अपील ठेवलंय? उत्तर ठरलेलं: "अहो, पण चोरी त्यानंच केलीय!" केली असेलही. मग मी पोल्कीची गोष्ट सांगते. हा व्हॅन ड्रायव्हर. एक दिवस आत बोलावलं, कपातीत तुझी नोकरी गेली म्हणाले आणि घरी पाठवलं. आधी चर्चा नाही, चाहूल नाही. 'चर्चा केली असती तरी निकाल तोच लागला असता' असं मागाहून म्हणून सुटता येणार नाही, हे १९८७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, त्याच्याच खटल्यात ठरवलं. नोकरी तशीही गेलीच असती असं दिसलं, तर भरपाई कमी होते, इतकंच. उलट एकॅस या सरकारी संस्थेची शिस्तभंगाची आचारसंहिता विनाकारण धुडकावली, तर भरपाई २५ टक्क्यांपर्यंत वाढतेही.

नोकरीला २ वर्षं झाली नसतील तर अन्याय्य बडतर्फीचा साधा दावा होत नाही, हे मालकांना पाठ असतं. भेदभावाचा दावा पहिल्या दिवसापासून होतो, हे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. आता नव्या कायद्यानं २ वर्षांचे ६ महिने होणार आहेत, म्हणजे माझे शुक्रवार आणखी वाजत राहणार.

एक कबुली देते. २०१३ मध्ये तिथल्या ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीचे तंटे चालतात त्या न्यायाधिकरणात, दाव्यांना फी लागली आणि दावे धाडकन कमी झाले. मालकवर्ग खूश. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती फी रद्द केली, तेव्हा मला मनातून बरं वाटलं. २०० पौंड पगार थकलेल्यानं तो मिळवायला सुनावणीपर्यंत ३९० पौंड भरायचे, हा कसला न्याय?

मामानं हे सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. लेथवर काम करणारा टर्नर चार दिवस गैरहजर, म्हणून त्याला कामावरून काढल्याचं पत्र. इथला कायदा माझा प्रांत नाही, तो वकिलाला विचार, असं मी आधीच सांगून टाकलं.

"पण मामा, चार दिवस कुठं होता, ते विचारलंस त्याला?"

"त्यात काय विचारायचं?" मामा म्हणाला. जरा वेळानं त्यानं फोन उचलला.