तुम्ही विचारलंत म्हणून: शोधण्याचे कर्म

मी इंग्रजी-मराठी अनुवाद करतो हे कळल्यावर अनेक जण एकच प्रश्न विचारतात: "आपले काम 'शोधणे' एवढ्या एका क्रियापदावर भागते, मग इंग्रजीत सर्च, सीक, लुक फॉर, हंट, फाइंड एवढे शब्द कशाला, आणि त्यांतला कुठला कुठे वापरायचा?" तोंडी उत्तर देताना माझे निम्मे सांगायचे राहून जाते, म्हणून या वेळी लिहून देतो.

प्रश्नातली पहिली बाजू मला मान्य नाही. आपणही हुडकतो, धुंडाळतो, चाचपतो, माग काढतो, तपास करतो आणि झडती घेतो. शब्दांचा तुटवडा आपल्याकडे नाही. घोटाळा होतो तो कर्माच्या जागी. मराठीत 'शोधणे' या क्रियापदाचे कर्म म्हणजे जी गोष्ट हवी आहे ती: मी किल्ली शोधतो. इंग्रजीत 'सर्च' या क्रियापदाचे थेट कर्म म्हणजे जिथे हात घालायचा ती जागा: सर्च करायचा तो खण, आणि किल्लीसाठी मध्ये 'फॉर' घालावा लागतो. हे मी नियम वाचून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात हरवलेल्या मुलाच्या एका गोष्टीचे भाषांतर करताना "गावकरी मुलाला शोधत होते" या वाक्यासाठी मी बिनदिक्कत 'दे वेअर सर्चिंग द बॉय' असे लिहिले. संपादकांनी समासात पेन्सिलीने एवढेच विचारले होते की, मुलाच्या खिशात काय निघाले? माझ्या वाक्यात गावकऱ्यांनी मुलाची झडती घेतली होती, आणि जो हरवला आहे त्याचे खिसे तपासता कसे आले, हा प्रश्न रास्तच होता.

या शब्दाचे मूळ पाहिले की कर्माचा हा स्वभाव लगेच उलगडतो. 'सर्च' जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि त्याच्या मागे लॅटिनमधले 'सर्कारे' म्हणजे भोवती फिरणे आहे. 'सर्कल' आणि 'सर्कस' हे त्याचेच भाऊबंद. ज्या जागेला फेरी घालायची ती जागाच कर्म होणार, हे ओघाने आले. जाता जाता, 'रिसर्च' म्हणजे 'पुन्हा शोधणे' असे व्याख्यानांत हमखास ऐकू येते. तिथला 'रि' पुनरावृत्तीचा नाही, तो 'कसून' या अर्थाचा आहे.

'सीक' हा शब्द जर्मानिक कुळातला, जर्मनमधल्या 'सुखेन'चा सख्खा नातलग. त्याचे कर्म हवी असलेली गोष्टच असते, पण ती सहसा किल्लीसारखी नसते. सल्ला, आश्रय, न्याय, सत्य या गोष्टी 'सीक' केल्या जातात, म्हणजे कुणाकडून तरी मिळवाव्या लागतात. 'बिसीच' म्हणजे विनवणी करणे, हा शब्द 'सीक'पासूनच झाला आहे. लॅटिनमध्येही 'क्वेरेरे' या एकाच क्रियापदाचे शोधणे आणि विचारणे असे दोन्ही अर्थ होते, आणि त्यातूनच इंग्रजीला क्वेस्ट, क्वेश्चन, इन्क्वायरी आणि रिक्वेस्ट मिळाले. हे सारे परके वाटत असेल तर आपले 'मागणे' पाहावे: ते संस्कृतातल्या शोधणे या अर्थाच्या 'मार्ग्' धातूवरून आले आहे.

खरी अडचण 'फाइंड'ची आहे. हरवलेली किल्ली शोधत असताना 'आय अ‍ॅम फाइंडिंग माय की' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते आणि ते चूक आहे, कारण 'फाइंड' हे प्रयत्नाचे नाव नसून प्रयत्न फळाला आल्याच्या क्षणाचे नाव आहे. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 मध्ये क्रियापदांचे असे दोन गट पाडून दाखवले होते, एक करत राहण्याचा आणि दुसरा साधल्याचा. मराठीत तर हा भेद व्याकरणातच आहे. मी शोधतो, पण मला सापडते. चष्मा सापडला, किल्ली सापडली, पेन सापडले. क्रियापद वस्तूच्या मागून चालते आणि 'मी' चतुर्थीत जाऊन बसतो. इंग्रजी वाक्य सापडण्याचे श्रेय शोधणाऱ्याला देते, मराठी वाक्य देत नाही, आणि या बाबतीत मला मराठी अधिक प्रामाणिक वाटते. ध्यानीमनी नसता एखादी गोष्ट गवसावी, यासाठी होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाला 28 जानेवारी 1754 रोजी लिहिलेल्या एका पत्रात 'सेरेंडिपिटी' हा शब्द घडवावा लागला, तोही श्रीलंकेच्या 'सेरेंदिप' या जुन्या नावावरून.

वाक्प्रचारांकडे वळले की इंग्रजी शोध बराचसा कुत्र्याच्या नाकाने चालतो असे दिसते. 'ऑन द सेंट' म्हणजे वासावर असणे, 'रन टु ग्राउंड' म्हणजे कोल्ह्याला बिळापर्यंत पळवून गाठणे, आणि 'बार्किंग अप द राँग ट्री' म्हणजे शिकार भलत्याच झाडावर असताना याच झाडाखाली भुंकत बसणे. या शेवटच्याला मी प्रसंग पाहून 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' वापरतो. कुत्रा जातो, पण फजिती शाबूत राहते. 'रेड हेरिंग' म्हणजे धुरावलेला मासा. शिकारी कुत्र्यांना चकवण्यासाठी तो वापरल्याची गोष्ट विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने 1807 मध्ये लिहिली आणि दिशाभूल हा अर्थ पसरण्यात तिचा मोठा वाटा आहे.

'क्लू' या शब्दाशी मात्र माझे विशेष सख्य आहे. त्याचा मूळ अर्थ सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसियस भूलभुलैयात शिरताना सूत उलगडत गेला आणि त्याच्याच आधाराने बाहेर आला, म्हणून गुंड्याला वाट दाखवणाऱ्या खुणेचा अर्थ चिकटला. आता आपल्या बातम्यांतले नेहमीचे वाक्य आठवावे: पोलिसांच्या हाती धागेदोरे लागले. अनुवादकाला असा तयार शब्द क्वचितच मिळतो. शिवाय 'सुतावरून स्वर्ग गाठणे' म्हणून अतिउत्साही तपासाची थट्टा करण्याची सोयही आपण करून ठेवली आहे.

अलीकडे या कुटुंबात 'गूगल' हे क्रियापद आले. 2006 मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने त्याची नोंद घेतली. गंमत अशी की त्याने 'सर्च'चा स्वभाव उचलला नाही. 'गूगल हिम' म्हटले की 'फॉर' लागत नाही, आणि त्या माणसाच्या खिशात कुणी हात घालत नाही, कारण इथे कर्म आपल्या 'शोधणे'सारखे आहे: जे हवे आहे तेच.