मला वेताळ, नातवाला कंदील

मंगळवार, रात्र. त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली, थंडीनं आता जोर धरला आहे.

आज चक्कीवर दळण आणायला गेले तर वरच्या पुऱ्यातली ती (तीच, जिला सगळ्यांचं सगळं आधी कळतं) म्हणाली, "तुह्या बाबाच्या कंदिलाचं आयकलं वं बाई. पोट्ट्यानं काय लिवलं! माह्या तं डोयात पानी आलं." मी हसले. पिशवी उचलली, घरी आले, पीठ डब्यात ओतलं आणि वहिनीवर डाफरले की चाळणी जागेवर का नाही. चाळणी जागेवरच होती.

म्हणून लिहायला बसले. राग नेमका कशाचा आला तेच समजत नाहीये.

दादाच्या पोट्ट्याला शाळेत निबंध दिला होता, 'मी दीपस्तंभ बोलतोय'. आमच्या वेळीही हाच होता. फाटकी छत्री, पडका वाडा, जुना वटवृक्ष आणि दीपस्तंभ, ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आपापलं आत्मवृत्त सांगत उभी आहेत. समुद्र इथून रात्रभराच्या रेल्वेवर. वर्गातल्या एकाही पोरानं तो पाहिलेला नाही, पण दीपस्तंभानं बोललंच पाहिजे. गाइडमध्ये तयार आहेच: लाटांचे तडाखे सोशीत मी एकटा उभा आहे, वगैरे.

मी म्हटलं गाइड ठेव बाजूला, मी सांगते. आणि खरंच रात्री मोबाईल घेऊन बसले. स्वतःलाच गोडी लागली. अलेक्झांड्रियाचं ते जुनं दीपगृह, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं, शंभर मीटरच्या वर उंच. १३०३ आणि १३२३ च्या भूकंपांनी ते खिळखिळं केलं, पण लोक शेकडो वर्षं सांगत राहिले की त्याच्या माथ्यावर एक आरसा होता आणि तो शत्रूची जहाजं दुरूनच जाळायचा. मग आपल्याकडचं खांदेरी. १६७९ साली महाराजांनी तिथं किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांचा थयथयाट झाला. पुढं १८६७ साली त्याच बेटावर इंग्रजांनी दीपगृह उभं केलं. आता बेटाला कान्होजी आंग्रेंचं नाव आहे. तिथं वेताळाचं देऊळ आहे, कोळी लोक त्याला मानतात. एक दगड असा आहे की ठोकला तर लोखंडासारखा वाजतो. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते. कुणाची दहा सेकंदांत दोनदा, कुणाची आणखी कशी. खलाशी अंधारात नुसती उघडझाप मोजतो आणि ओळखतो की हा अमका दिवा, म्हणजे मी अमक्या ठिकाणी आहे.

हे सगळं मी त्याला वहीत लिहून दिलं. त्यानं वाचलं. "आत्या, हे तं सारं जीके आहे," म्हणाला.

आणि जाऊन आजीजवळ बसला.

मग त्यानं जे लिहिलं ते असं सुरू होतं: मी दीपस्तंभ नाही, मी कंदील आहे. मी समुद्र पाहिला नाही, मी पऱ्हाटी पाहिली. माझे मालक रात्री जागलीला मचाणावर बसत. त्यांचं जेवण झालं की ते माझी वात मोठी करत आणि मला तीन वेळा हलवत. मग गावात घराच्या धाब्यावर उभी असलेली बाई खाली उतरे आणि स्वतः जेवायला बसे.

मधे एक रोही, म्हणजे नीलगाय, पण येतो. कंदिलाकडं टक लावून बघतो आणि निघून जातो.

परिपाठाला वाचून दाखवला म्हणे सरांनी. त्या दिवसापासून कंदील गावभर फिरतोय.

आता मला सांगा, मी त्याच घरात वाढले. मायच्या शेजारी झोपायचे. दादा तेव्हा मामाकडं शिकायला, म्हणजे घरात मी आणि ती, आणि तिकडं शेतात बाबा. धाब्यावर शिडीनं चढताना तिचा पाय वाजला नसेल? बाबांनी कधी सकाळी येऊन विषय काढला नसेल? मला यातलं एक अक्षर माहीत नाही. चक्कीवरच्या बाईला माहीत आहे. मला नाही.

मायला विचारलंच शेवटी.

"खरं हाय काय हे?"

"हो न."

"मले कधी सांगतलं नाही तू."

"तू कुठी इचारलं?"

झालं. एवढ्यावर ती तुरीच्या शेंगा सोलायला लागली. न विचारलेल्या गोष्टी सांगायच्या नसतात, हा आमच्या घरचा जुना कायदा. त्या कायद्यानं काय काय राहून गेलं, बाबांचं शेवटचं वर्ष, माझं इथं परत येणं... जाऊ दे. आज ते नाही.

पण एक गोष्ट तिनं मला न विचारता सांगितली होती, ती मात्र चांगली लक्षात आहे. जागलीच्या दिवसांत रात्री मला बाहेर जावं लागलं तर ती डोक्यावरून पदर ओढून माझं तोंड गावाकडं फिरवायची. शिवाराकडं पाहायचं नाही. तिकडं दिवे दिसतात ते आग्या वेताळाचे. त्याची वरात निघते, हातात टेंभे असतात, जो पाहतो त्याला तो हाका मारत नेतो. मी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. लहानपणभर त्या दिव्यांची धास्ती घेऊन झोपले मी. आणि त्या दिव्यांपैकी एक बाबा होते.

म्हणजे मला वेताळ दिला आणि नातवाला कंदील.

हे लिहिताना हात थोडा थांबला. चक्कीवरून येताना पोटात जे ढवळत होतं ते हेच. कंदील होता की नव्हता याचं मला एवढं नाही. तो त्या दोघांचा होता. मधे मी झोपलेली होते, आणि मी झोपलेलीच राहावी म्हणून वेताळ होता. बायको-नवऱ्याचं काही असतं, ते लेकीला सांगायचं नसतं, हे मलाही समजतं की. मी काही लहान नाही आता. पण मग नातवाला का? तो कोण मोठा लागून गेला? बारा वर्षांचा तर आहे.

विचारलं म्हणून. बस. त्यानं विचारलं.

मग मी काय केलं, तर पुरावे शोधायला लागले. मोठ्या मायकडं गेले. तिचं शेत आमच्या धुऱ्याला धुरा लावून, मोठे बाबाही तेव्हा जागलीलाच असत. ती खो खो हसली. "अवो, कंदील हालवे म्हनजे? डुक्कर आलं का सारेच हालवत. टिनाचा डबा वाजवत, कंदील हालवत, बोंबलत. तुहा बाप तं मचाणावरून पडला होता एकदा त्या नादात." मग जरा थांबून म्हणाली, "पन तुही माय धाब्यावर उभी राहे, हे खरं." आणि मोठे बाबा जेवले हे तुले कसं समजे, असं विचारलं तर म्हणाली, "मले काय कराचं? डबा रिकामा यायचा न सकाळी."

तर आता कंदिलाच्या दोन गोष्टी झाल्या. एकात माणूस घरच्यांना खूण करतोय, दुसऱ्यात तोच माणूस डुकरामागं धावतोय. उजेड तोच. धाब्यावरून काय दिसणार? अंधारात एक ठिपका हलला. पाहणारीनं ठरवायचं.

परवा वाचलेलं फ्लॅनन बेटांचं आठवतंय. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आडरानातली बेटं. १९०० च्या डिसेंबरात तिथल्या दीपगृहावरचे तिन्ही राखणदार नाहीसे झाले. २६ तारखेला होडी पोचली तर दिवा तेलवात करून तयार आणि माणूस एकही नाही. लोक आजही सांगतात की टेबलावर अर्धवट टाकलेलं जेवण होतं. ते जेवण खरं तर १९१२ सालच्या एका कवितेत पहिल्यांदा वाढलं गेलं. चौकशीला गेलेल्या अधिकाऱ्यानं तर स्वयंपाकघर स्वच्छ, भांडी घासलेली, असं लिहून ठेवलं होतं. धक्क्याकडं काही सामान बांधायला गेले असतील आणि मोठ्या लाटेनं ओढून नेलं असेल, असा त्याचा अंदाज. पण घासलेल्या भांड्यांची गोष्ट कोण सांगेल? अर्धवट ताट पाहिजे लोकांना. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच ताट आवडलं होतं, भांडी घासलेली निघाली तेव्हा हिरमुसले मी.

मायची गोष्ट मात्र कवितेसारखी जमवलेली वाटत नाही. शिवारात तेव्हा कितीतरी मचाणं. आमचं कोणतं, हे तिला ओळखायला काहीतरी लागलंच असेल ना? खलाशाला लागतं तसंच. गच्च अंधारात मेणबत्तीची ज्योत अडीच किलोमीटरवरून डोळ्याला दिसू शकते असं वाचलं. आमचं शेत पांदणीनं दीड किलोमीटर. म्हणजे दिसणार. तेव्हा दिसत असणार. आज संध्याकाळी धाब्यावर चढून पाहिलं मी, तर चौकातला हायमास्ट डोळ्यांत घुसला आणि त्याच्या पलीकडं शिवार म्हणून काही उरलंच नव्हतं. आता तारेला झटका मशीन आहे, दिव्याची गरज नाही. दादा रात्रीच्या लाईनवर पाणी द्यायला जातो तेव्हा वहिनीला मिस्ड कॉल देतो. एक वाजला म्हणजे मोटर सुरू झाली. दोन वाजले म्हणजे डीपीवर फ्यूज गेला, यायला उशीर. याला कुणी आत्मवृत्त लिहायला सांगणार नाही.

खाली उतरले ती सरळ मागच्या छपरीत गेले. कंदील आहे तिथं, खुंटीवरच. वर जाळ्या, टाकीला खालून गंज चढलेला, वात वरखाली करायची चावी घट्ट बसलेली. कडीची तार एका जागी चिंधीनं गुंडाळलेली आहे, हाताला लागू नये म्हणून, आणि ती चिंधी घामानं काळी पडून चामड्यासारखी कडक झाली आहे. काच काढली. आत बोटं घातली तर चार बोटांच्या पुढं हात जाईना.

आणि एकदम आठवलं. हा हात जायचा. पूर्ण, मनगटापर्यंत. घरात माझाच हात जायचा म्हणून काच पुसायचं काम माझं होतं. बाबा सकाळी यायचे, कंदील ओट्यावर ठेवायचे, माय चुलीतली चाळलेली राख आणि फडकं माझ्यापुढं टाकायची. आत मूठ घालून फिरवायची, मग कोरड्या कपड्यानं, मग तोंडाची वाफ सोडून पुन्हा. शाळेत जाईपर्यंत नखांत काजळी. एवढी काळी कशी होते म्हणून बाबांना विचारलंही होतं, बरं का. ते म्हणाले होते, "वात मोठी करा लागते बाई कधी कधी." कशासाठी, ते विचारलं नाही मी. मोठ्या वातीनं डुक्करही पळतं आणि बायकोही दिसते, म्हणजे पुरावा म्हणून याचा उपयोग शून्य.

पण मला मेलं हसू यायला लागलं. कारण दीपगृहांबद्दल ते सगळं वाचताना एक गोष्ट मी पोट्ट्याला लिहून दिली नव्हती, कंटाळवाणी म्हणून. तेलाच्या दिव्यांच्या काळात तिथल्या राखणदारांचं निम्मं काम सकाळचं असे. काजळी पुसा, वात कातरा, भिंगं घासा. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं केलेली ती भिंगं, १८२३ पासून दीपगृहांवर बसायला लागली, एका दिव्याचा उजेड गोळा करून कोसच्या कोस फेकणारी. ती मळली की सगळं फुकट. वादळात दिवा राखणाऱ्यावर गोष्टी झाल्या, भिंग पुसणाऱ्यावर नाही.

बसले होते इथं, मला का नाही सांगितलं, मला का नाही सांगितलं करत. आणि काच कोण पुसत होतं? बाईसाहेब स्वतः. तिन्हीत्रिकाळ नखांत पुरावा घेऊन फिरत होते.

तरी वेताळाचं मी विसरणार नाही. ते वेगळं. उद्या मायला म्हणणार आहे, धाब्यावर उभं राहून तुला स्वतःला भीती नाही वाटली का त्याची? ती म्हणेल, "कायची भीती?" विचारल्याशिवाय सांगणार नाही तर विचारीन रोज एक.

जेवताना पोट्ट्याला म्हटलं, तालुक्याला पाठवताय ना निबंध, मग त्यात एक ओळ घाल. काच कोण पुसायचं ते.

"कोन पुसे?"

"मी."

तो घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. वहिनी हसली. माय हसली नाही, पण भाकरीचा पापुद्रा काढून माझ्या ताटात टाकला.

"शब्दमर्यादा भरली आत्या," तो म्हणाला. "सरांनी मोजून दिली." मग बराच विचार करून म्हणाला, बसवतो, पण मग रोही काढावा लागेल.

मी म्हटलं, काढ.

आता आतल्या खोलीत दिवा सुरू आहे त्याचा, वही उघडी आहे. रोही काढायला त्याचं मन होत नाहीये.