वरणाचं पाणी आणि बाळाचं लोह

बाळ सहा महिन्यांचं झालं की पुण्यातल्या बहुतेक घरांत पहिली वाटी ठरलेली: वरणाचं पाणी. पचायला हलकं, हे खरं. पण डाळीतलं लोह आणि जस्त खाली बसलेल्या डाळीत राहतं. बाळाच्या पोटात जातं ते पिवळं पाणी. त्यापेक्षा मऊ शिजलेली मुगाची डाळ घोटून, चमचा वाकडा केला तरी लगेच सांडणार नाही इतकी दाट द्यावी.

वेळेवर जन्मलेल्या बाळाला जन्मावेळचा लोहाचा साठा साधारण चार ते सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं, त्यामुळे पुढची भिस्त वाटीवर. याच काळात मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढत असतं, ते चढवणाऱ्या पेशींना लोह भरपूर लागतं. डोपामाइन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन तयार करणारं एन्झाइमही लोहाशिवाय चालत नाही. तुटवडा पडला की शरीर आधी लाल पेशींची सोय लावतं आणि मेंदूच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. म्हणून हिमोग्लोबिन ११ च्या वर आलं की झालं, असं नाही. शंका असेल तर डॉक्टरांना फेरिटिनबद्दल, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीबद्दल विचारा. ते १२ च्या खाली असेल तर साठा संपलेला. सर्दी-तापात मात्र हा आकडा फुगतो, तेव्हा तपासणी बरं वाटल्यावर.

नाचणीचं कौतुक योग्यच, पण ते मुख्यतः कॅल्शियमसाठी. तिच्यातलं फायटेट लोह आणि जस्त बांधून ठेवतं. त्यावर उपाय मोड आणण्याचा. एक वाटी नाचणी रात्रभर भिजवा, पाणी फेकून द्या, ओल्या फडक्यात सैल बांधा. उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात, डिसेंबरच्या थंडीत दोन दिवस धरा. फडकं ठिबकत असेल तर आंबूस वास येतो, मग ती नाचणी टाकून द्यायची. मोड आले की पूर्ण वाळवा, मंद आचेवर हलकीच भाजा, दळा. या पिठाची पेज पातळ राहते, म्हणून तेवढ्याच पाण्यात पीठ जास्त मावतं, हा खरा फायदा. लिंबाचे दोन-चार थेंब गॅस बंद केल्यावरच. उकळीत क जीवनसत्त्व नासतं.

मांसाहार चालत असेल तर शिजवून बारीक केलेलं चिकन द्या. त्यातलं लोह डाळीतल्यापेक्षा चांगलं शोषलं जातं.

वर्षाच्या आत गाईचं दूध पेय म्हणून देऊ नका. त्यात लोह जवळजवळ नाही, वर ते अन्नातल्या लोहाचं शोषण अडवतं. चहात बुडवलेलं बिस्किट तर नकोच, एक घोटही नाही.

आयोडीनचं गणित वेगळं. बाळाच्या वाटीत वर्षभर मीठ घालायचं नसतं, त्यामुळे आयोडीन आईच्या दुधातूनच येणार. हल्ली घराघरांत सैंधव आलंय. बाळंतिणीच्या जेवणात तरी आयोडीनयुक्त मीठच ठेवा.

ॲनिमिया मुक्त भारत योजनेचं सिरप सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा, १ मिली. त्यात २० मिलिग्रॅम लोह. ते दुधासोबत देऊ नका, ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला धरा, नाहीतर दात काळपटतात. शी काळी होते, त्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते उघड्या बाटलीला: ५० मिलीत १००० मिलिग्रॅम लोह आहे, आणि दहा किलोच्या मुलाने ती गोड म्हणून रिकामी केली तर जिवावर बेततं. असं झालं तर उलटी व्हायची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा, बाटली सोबत घेऊन.