खाडीपासून डोंगरापर्यंत: ब्रीम, बास आणि ट्राउट

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात मासा शिजत नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियात राहत असताना मी सुटीच्या दिवशी पहाटे उठून मासे धरायला जात असे, हे कळले की वडीलधारी माणसे एकच प्रश्न विचारतात: खायचा नाही, विकायचा नाही, धरून पुन्हा पाण्यातच सोडायचा, तर मग धरायचाच कशाला? आत्यांनी हा प्रश्न अनेकदा आणि अगदी मनापासून विचारला आहे. तो रास्तही आहे. गळाला लागलेल्या माशाला काहीच होत नाही असे मी कधी म्हणणार नाही. गळ ओठात रुततो आणि मासा जिवाच्या आकांताने ओढ घेतो, हे मी हाताने अनुभवले आहे. तरीही या छंदाविषयी मला आदर वाटतो. खोट्या आमिषाला मासा यावा असे वाटत असेल, तर त्या माशाचे सगळे आयुष्य समजून घ्यावे लागते, आणि ज्यांनी ते समजून घेतले तेच लोक पुढे त्याच्या नदीसाठी पैसे देतात आणि भांडतात, असे मी तिथे पाहिले.

आम्ही न्यू साउथ वेल्स राज्यातल्या न्यूकॅसल शहरात राहत होतो. तिथून समुद्राला जोडलेले लेक मॅक्वारी हे खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर जवळ आहे, उत्तरेला विल्यम्स नदी आहे, आणि ती नदी ज्या बॅरिंग्टन टॉप्स पठारावर उगम पावते ते सुमारे १,५०० मीटर उंचीचे थंड पठारही गाडीने गाठता येते. खाली खाडीत ब्रीम, मधल्या गोड्या पाण्यात बास आणि वरच्या गार ओढ्यांत ट्राउट, अशी या तीन माशांची वस्ती एकाच टापूत पाहायला मिळणे हे माझे भाग्यच होते.

ल्यूर म्हणजे कृत्रिम आमिष. त्यात कणीक नसते, गांडूळ नसते, कसला वासही बहुधा नसतो. असते ती फक्त हालचाल. लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या कठीण ल्यूरच्या तोंडाशी एक पारदर्शक पट्टी असते. दोरा ओढला की पाण्याचा दाब त्या पट्टीवर येतो, ल्यूर खाली बुडी मारते आणि डावी-उजवीकडे थरथरत पोहू लागते. पट्टी किती लांब आहे आणि कोणत्या कोनात बसवली आहे, यावर ती किती खोल जाईल हे ठरते. दुसरा प्रकार मऊ प्लास्टिकचा: शिशाचे लहान डोके असलेल्या गळावर, म्हणजे जिग-हेडवर, कोळंबीच्या किंवा छोट्या माशाच्या आकाराचे लवचिक प्लास्टिक ओवतात. ही साधने कोणत्याही दुकानात मिळतात. ती कुठे टाकायची, किती वेगाने ओढायची आणि कधी अजिबात ओढायची नाहीत, हे मात्र माशाकडूनच शिकावे लागते.

ब्रीम हा त्यात सर्वांत संशयी. पूर्व किनाऱ्यावर पिवळ्या परांचा यलोफिन ब्रीम असतो, आणि दक्षिणेकडे व्हिक्टोरियाच्या खाड्यांत काळसर ब्लॅक ब्रीम. यलोफिन ब्रीमचे दात शिंपले आणि खेकड्यांची कवचे फोडण्यासाठी घडलेले असतात, म्हणून तो कालवांच्या शेतीच्या खांबांशी, पुलांच्या पायांशी, धक्क्यांच्या सावलीत आणि नांगरून ठेवलेल्या बोटींच्या तळाशी रेंगाळतो, कारण अशाच जागी शिंपले चिकटलेले असतात. दोरा जाड असला तर तो जवळ फिरकत नाही, म्हणून टोकाला दोन-तीन किलो ताकदीचा, पाण्यात सहसा न दिसणारा फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोऱ्याचा शेवटचा बारीक तुकडा, बांधतात आणि जिग-हेड एक ते तीन ग्रॅमचे घेतात. बोटीच्या अगदी कडेला ल्यूर पडली की हात थांबवायचा आणि तिला आपल्या वजनाने हळूहळू खाली जाऊ द्यायचे. ब्रीम बहुतेक वेळा या पडण्यातच ती उचलतो. काठीला काही जाणवत नाही. सैल पडलेला दोरा किंचित बाजूला सरकतो, एवढेच. ते सरकणे दिसण्यासाठी नजर दोऱ्यावरून हलवता येत नाही. मनाची अशी एकाग्रता मला दुसऱ्या कोणत्याही कामात साधलेली नाही.

भरती-ओहोटीचे भान इथे घड्याळापेक्षा महत्त्वाचे. भरतीच्या पाण्याबरोबर ब्रीम खारफुटीच्या मुळांत आणि उथळ वाळूवर चरायला येतात, आणि ओहोटी लागली की ओढ्यांच्या तोंडाशी थांबून वाहत येणारे खाद्य टिपतात. उन्हाळ्यात तर गुडघाभर पाण्यावर उड्या मारणाऱ्या कोळंबीसारखी पृष्ठभागावरची ल्यूर टाकली की मागून पाण्याची एक रेघ वेगाने जवळ येताना दिसते. यलोफिन ब्रीमची आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते: यातले अनेक मासे आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतात आणि पुढे मादी होतात. आपल्या कोकणातला जिताडा, ज्याला ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात, तोही असाच. मोठे मासे काढून नेले तर माद्याच काढल्या जातात, हे एकदा समजले की मोठा ब्रीम हातात आल्यावर त्याला परत सोडण्यासाठी कोणी सांगावे लागत नाही. कायद्याने न्यू साउथ वेल्समध्ये २५ सेंटिमीटरपेक्षा लहान ब्रीम ठेवता येत नाही.

लेक मॅक्वारीचे एक वैशिष्ट्य मुद्दाम सांगायला हवे. २००२ पासून या सरोवरात व्यावसायिक मासेमारी बंद आहे. परवाने सोडणाऱ्या व्यावसायिक मच्छीमारांना जी भरपाई मिळाली, ती छंद म्हणून मासे धरणाऱ्यांच्या शुल्कातून उभ्या राहिलेल्या निधीतून. त्या राज्यात अठरा वर्षांवरील बहुतेकांना मासे धरण्यापूर्वी हे शुल्क भरावे लागते आणि ती रक्कम वेगळ्या न्यासात जमा होऊन मत्स्यबीज, संशोधन आणि अधिवासाची दुरुस्ती यांवर खर्च होते. ज्याने आनंद घेतला त्यानेच पाण्याची जबाबदारी उचलली, ही व्यवस्था मला मनापासून पटली. अर्थात ज्यांच्या कित्येक पिढ्या जाळ्यावर जगल्या त्या मच्छीमार कुटुंबांना हा निर्णय सोपा गेला नसणार, हेही तितकेच खरे.

बासविषयी लिहिताना मात्र माझा हात आखडत नाही, कारण तिन्हींत मला तोच सर्वांत जवळचा. ऑस्ट्रेलियन बास हा त्या भूमीचा मूळ रहिवासी. क्वीन्सलंडमधल्या मेरी नदीपासून व्हिक्टोरियाच्या गिप्सलंडपर्यंत, पूर्वेकडे समुद्राला मिळणाऱ्या नद्यांत तो राहतो. एरवी त्याचे आयुष्य गोड्या पाण्यात जाते, पण हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी त्याला नदी उतरून खाडीच्या मचूळ पाण्यापर्यंत यावेच लागते. निव्वळ गोड्या पाण्यात त्याची पिल्ले जगत नाहीत. वसंतात मासे आणि त्यांच्यामागून पिल्ले पुन्हा वर चढतात. माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात आणि नदीत वरपर्यंत जातात, नर बरेचसे खालच्या भागात राहतात. वीस वर्षांहून अधिक जगणारा हा मासा वाढतो मात्र अतिशय सावकाश, त्यामुळे ओंजळीत मावणारा बाससुद्धा काही वर्षांचा असू शकतो.

विल्यम्स नदीवर डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी काठावरची झाडे सिकाडा किड्यांच्या कर्कश आवाजाने भरून जातात. त्यातला एखादा किडा पाण्यात पडतो, पंख फडफडवतो, आणि दुसऱ्या क्षणी तिथे फक्त खळबळ उरते. बास दिवसभर बुडालेल्या लाकडांच्या आणि झुकलेल्या फांद्यांच्या आडोशाला असतो, उजेड कमी झाला की बाहेर येतो. म्हणून कयाक, म्हणजे अरुंद हलकी होडी, निःशब्द वल्हवत नेऊन किड्याच्या आकाराची तरंगती ल्यूर अगदी काठाला, फांदीखाली, हातभर जागेत टाकावी लागते. काठापासून थोडी दूर पडली तरी बास आडोसा सोडून येईलच असे नाही. ल्यूर पडल्यावर उठलेली वर्तुळे पूर्ण विरेपर्यंत तिला हलवायचे नाही, मग एक हलका झटका आणि पुन्हा स्तब्धता. बासची झडप आली की ती ऐकूही येते, आणि लगेच तो लाकडांकडे धाव घेतो. त्याला तिथे पोहोचू दिले तर दोरा तुटलाच म्हणायचा.

न्यू साउथ वेल्समध्ये १ मे ते ३१ ऑगस्ट या काळात नदीतला आणि खाडीतला बास ठेवता येत नाही, कारण हाच त्याचा विणीचा काळ. नियमाच्या पुस्तकातल्या या ओळीमागे माशाचा सगळा प्रवास उभा आहे, हे मला नदीवर गेल्यावरच उमगले. तो प्रवास धरणाने अडला की काय होते याचे उदाहरण शोलहेवन नदीवर आहे. तिथे १९७६ मध्ये टॅलोवा धरण झाले आणि वरच्या भागातला बास हळूहळू नाहीसा झाला. वरच्या जागा रिकाम्या राहिल्या, खालून येणारी पिल्ले भिंतीशी अडली. २००९ मध्ये त्या धरणावर माशांना वर उचलून नेणारी यांत्रिक लिफ्ट बसवण्यात आली. याउलट ग्लेनबॉन आणि सेंट क्लेअर या मोठ्या जलाशयांत बास आहे तो केवळ वेळोवेळी बीज सोडल्यामुळे. खाद्य भरपूर असल्याने तिथे तो नदीतल्यापेक्षा लठ्ठ होतो, पण तिथे त्याचा वंश वाढत नाही. जलाशयातला बास बंदीच्या काळातही धरता येतो, याचे कारण हेच.

ट्राउटची कथा वेगळी, कारण तो पाहुणा आहे. १८६४ मध्ये नॉरफोक नावाच्या जहाजातून इंग्लंडहून बर्फाच्या कोठीत, शेवाळात गुंडाळलेली माशांची अंडी मेलबर्नमार्गे टास्मानियाला नेण्यात आली. आधीचे प्रयत्न वाटेतच फसले होते. खरी इच्छा सालमन वसवण्याची होती आणि ब्राउन ट्राउटची थोडी अंडी बरोबर दिली होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात प्लेंटी नदीकाठच्या सालमन पाँड्स येथे ती फुटली. समुद्रात गेलेला सालमन परतला नाही. ट्राउट मात्र रुजला आणि पुढे मुख्य भूमीच्या डोंगराळ ओढ्यांतही पोहोचला. बॅरिंग्टन टॉप्सवरच्या किंवा दक्षिणेच्या स्नोई पर्वतांतल्या ओढ्यात फिरत्या पात्याची छोटी स्पिनर प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची आणि पाण्याच्या वेगापेक्षा किंचित अधिक वेगाने गुंडाळायची, कारण ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि आपण त्याच्या पाठीमागे असतो. पाणी थंड आणि स्वच्छ असते, सावलीसुद्धा त्याला बिथरवते. जून ते ऑक्टोबर हे ओढे मासेमारीला बंद असतात, कारण ट्राउटही हिवाळ्यात वितो.

मला ट्राउटचे सौंदर्य भावते, पण त्याच्याबद्दल निखळ आनंद वाटत नाही. त्याने गॅलेक्सियस नावाचे बोटभर स्थानिक मासे अनेक ओढ्यांतून संपवले. त्यातला स्टॉकी गॅलेक्सियस टँटांगारा ओढ्याच्या उगमाकडच्या भागात टिकला, तोही ट्राउटला चढता येत नाही अशा धबधब्याच्या वर. म्हणून ठेवायचाच असेल तर ट्राउट ठेवावा आणि बास सोडावा, असे माझे मत झाले आहे.

सोडण्याचीही पद्धत असते. ल्यूर हलती असल्यामुळे गळ बहुधा ओठात लागतो, गिळला जात नाही. हा खऱ्या आमिषापेक्षा मोठा फायदा. तीन टोकांच्या गळाऐवजी एकेरी गळ बसवावा, त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, हात ओले केल्याशिवाय माशाला स्पर्श करू नये, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघतो. मोठ्या माशाला नुसते जबड्याला धरून लोंबकळत ठेवू नये, पोटाखाली दुसरा हात द्यावा. छायाचित्र हवेच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवावा.

इंदूरला परतल्यावर माझे लक्ष साहजिकच नर्मदेच्या महसीरकडे गेले. तो मध्य प्रदेशाचा राज्य मासा आहे. बास विणीसाठी खाली उतरतो, महसीर पावसाळ्यात वाहत्या, गोटे असलेल्या पाण्याकडे वर चढतो; दोघांची अडचण मात्र एकच आहे. इंदिरासागर आणि ओंकारेश्वरच्या भिंतींनी नर्मदेचा मोठा भाग साचलेल्या पाण्यात बदलला. आपल्या राज्यातही १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते, आणि बडवाह येथे वन विभागाने महसीरच्या कृत्रिम पैदाशीचे काम हाती घेतले, याचे मला समाधान आहे. पण केवळ पैदाशीवर थांबलो तर आपण ग्लेनबॉनसारखा जलाशय मिळवू, विल्यम्ससारखी नदी मिळणार नाही. ज्या लहान उपनद्या अजून मोकळ्या वाहतात त्यांच्या पात्रातला वाळू-गोट्यांचा उपसा आधी थांबायला हवा, कारण महसीरची अंडी त्याच गोट्यांमध्ये पडतात.