फळ्यावरचा भाव आणि आरडीएमए

आम्ही डेटाबेस शिकलो तेव्हा पहिला धडा हाच की नेटवर्क लई स्लो असतंय, जमेल तेवढं टाळा, डेटा असा वाटून ठेवा की एका ट्रान्झॅक्शनला, म्हणजे डेटाबेसमधल्या एका पूर्ण व्यवहाराला, दुसऱ्या मशीनकडं जायचं कामच पडू नये. मी बरेच वर्षं तेच धरून डिझाईन करत आलो आणि आता वाटायलंय की तो नियम जुना झाला. कारण आरडीएमए, म्हणजे दुसऱ्या मशीनची मेमरी तिच्या सीपीयूला न उठवता नेटवर्कवरून थेट वाचायची सोय.

५६ गिगाबिटचं इन्फिनीबँड (आरडीएमए करणारं वेगवान नेटवर्क) घ्या, म्हणजे सेकंदाला साधारण ७ जीबी, आणि मशीनमधल्या डीडीआर३-१६०० मेमरीचं एक चॅनल देतंय १२.८ जीबी. फरक दुपटीच्या आतच की.

लातूरच्या मोंढ्यात मामाची आडत आहे, तिथलंच सांगतो. शेजारच्या दुकानातला सोयाबीनचा भाव पाहिजे तर मुनीमजीला हाक मारायची, ते हातातली पट्टी लिहायचं थांबवून सांगणार, मग परत पट्टीत डोकं. हे झालं टीसीपी, मशीननी एकमेकांशी बोलायची नेहमीची पद्धत. आरडीएमए म्हणजे आपल्या गादीवर बसूनच त्यांचा फळा वाचायचा, मुनीमजी मान सुद्धा वर करत नाहीत. समोरचा सीपीयू मोकळा, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) मधी येत नाही, नेटवर्क कार्डच मेमरी वाचून देतंय, तेही एक-दोन मायक्रोसेकंदात.

पण घोळ कुठं होतो बघा. मुनीमजी ४५९९ चं ४६१० करायलेत, ५ चा ६ झाला आणि नेमकं तेव्हाच मी वाचलं, तर मला दिसणार ४६९९, जो भाव कधी नव्हताच! मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या फार्म (FaRM) नावाच्या सिस्टीमनं यावर प्रत्येक कॅश लाईनसोबत, म्हणजे मेमरीच्या छोट्या तुकड्यासोबत, व्हर्जन (बदलाचा नंबर) ठेवलं, वाचून झाल्यावर सगळे व्हर्जन जुळले तरच खरं, नाहीतर परत वाचा. इतकं साधं, आणि २०१५ च्या पेपरात ९० मशीनवर सेकंदाला १४ कोटी ट्रान्झॅक्शन.

इंडेक्सचं, म्हणजे डेटा कुठं आहे ते शोधायच्या यादीचं, मात्र जपून करा. बी-ट्री (पायरीपायरीनं शोधायचा इंडेक्स) चार लेव्हलचं असेल आणि सगळे नोड पलीकडच्या मशीनवर असतील तर नेटवर्कच्या चार फेऱ्या, हॅश (कीवरून थेट जागा काढणारा) असेल तर बहुतेक वेळा एकच. आणि आपली स्वतःची मेमरी ०.१ मायक्रोसेकंदात मिळते, दूरची दहा-वीस पट हळू, त्यामुळं सतत लागणारा डेटा जवळच ठेवा, फक्त त्याच्यापायी सगळं डिझाईन वाकवू नका.

आरडीएमएचं महागडं कार्ड नाही म्हणून थांबू नका, लिनक्समधलं सॉफ्ट-रॉकी (Soft-RoCE, सॉफ्टवेअरमधलं आरडीएमए) साध्या इथरनेटवर चालतंय. स्पीड मिळत नाही, पण कोड तोच. मी घरी दोन जुन्या मशीनवर लावलंय, काल रात्री पहिला रीड झाला, पलीकडचा प्रोग्राम नुसता झोपलेला आणि त्याच्या मेमरीतले ६४ बाइट माझ्या स्क्रीनवर.