तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ही सही खरी कशावरून?’

शास्त्रज्ञांच्या सह्या, पत्रं, त्यांनी फाडलेले चेक असलं काही मी जमवतो हे ज्यांना ठाऊक आहे, ते कधी ना कधी हा प्रश्न विचारतातच. एडिसनच्या सहीचा जुना चेक पुढे ठेवला की माणूस आधी वाकून बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "पण ही त्याचीच कशावरून?" मला हा प्रश्न मनापासून आवडतो. किंमत विचारणारे पुष्कळ भेटतात. खऱ्याखोट्याची चौकशी करणाऱ्याला मात्र त्या कागदातच रस वाटू लागलेला असतो. तेव्हा एकदा नीट लिहूनच काढतो.

मी सही सगळ्यात शेवटी बघतो. आधी कागद, मग शाई, मग तो कागद इतकी वर्षं कुठे कुठे होता याची हकिकत. नक्कल करणाऱ्याने सगळा जीव सहीत ओतलेला असतो, त्यामुळे तो सापडलाच तर इतर ठिकाणी सापडतो.

एडिसनचंच घ्या. तरुणपणी तो तार ऑपरेटर होता. येणारा मजकूर भराभर आणि स्वच्छ उतरवून घ्यायचं काम, त्यामुळे त्याचं अक्षर सुटं आणि सुवाच्य. सही करताना ‘थॉमस’मधल्या ‘टी’वरची आडवी रेघ तो इतकी लांब ओढायचा की ती पुऱ्या नावावर छत्रीसारखी पसरते. ही छत्री सरावाने कुणालाही काढता येईल. भिंगाखाली जे दिसतं ते मात्र सरावाने जमत नाही. निबेवर दाब पडला की तिची दोन टोकं फाकतात, रेघेच्या कडांना शाई गडद बसते आणि मधे फिकी राहते. एक रेघ दुसरीला छेदते तिथे शाई किंचित साचते. वेगात ओढलेली रेघ शेवटाला निमुळती होत जाते, कारण हात थांबायच्या आधीच पेन उचललेलं असतं. नक्कल करणारा जपून, हळू लिहितो. त्याच्या रेघेचं टोक बोथट येतं आणि जिथे तो क्षणभर अडखळला तिथे शाईचा ठिपका राहतो. छापील सही असेल तर बहुतेक वेळा ठिपक्यांची जाळी लगेच दिसते.

दोन सह्या तंतोतंत जुळल्या की लोकांना आनंद होतो. मला धडकी भरते. कुठलाही माणूस स्वतःची सही दोनदा अगदी तशीच करत नाही. एकावर एक ठेवून दोन्ही केसभरही हलत नसतील, तर एकतर एकीवरून दुसरी गिरवलेली आहे किंवा दोन्ही यंत्राने केल्या आहेत. अमेरिकेत ऑटोपेन नावाचं यंत्र आहे. खऱ्या सहीचा साचा त्यात बसवला की ते खरं पेन धरून खऱ्या शाईने हव्या तितक्या सह्या करतं. अंतराळवीरांना येणाऱ्या पत्रांच्या ढिगाला ‘नासा’ने अशाच यंत्रावर उत्तरं दिली. त्यात कुणी कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही, पण संग्राहकाला ते ओळखता आलं पाहिजे.

कागदासाठी माझ्याकडे अल्ट्राव्हायोलेट दिवा आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची चमकणारी रसायनं साधारण १९५०च्या सुमारास वापरात आली. रामन यांचं १९३० सालचं पत्र म्हणून कुणी काही दाखवलं आणि ते दिव्याखाली निळसर पांढरं उजळलं, तर पुढे वाचायचीही गरज नाही. उलट बाजू तितकी सोपी नाही. कागद जुना निघाला म्हणजे पत्र जुनं असं होत नाही. जुन्या पुस्तकांची पुढची-मागची कोरी पानं कापून घेतली की हवा तितका जुना कागद मिळतो.

या युक्तीवर एका माणसाने आठ वर्षं संसार चालवला, आणि त्याचं गिऱ्हाईक होतं युरोपातल्या नामांकित गणितज्ञांपैकी एक. मिशेल शाल हा पॅरिसचा भूमितीतला मोठा माणूस, तिथल्या विज्ञान अकादमीचा सभासद. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८६५ साली त्याला कोप्ली पदक दिलेलं. १८६१पासून व्रँ-दनी ल्यूका नावाचा माणूस त्याला जुनी पत्रं आणून विकू लागला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात अमेरिकेला निघालेल्या एका सरदाराचा हा संग्रह, त्याचं जहाज बुडालं, पण कागद वाचले, अशी त्याची कहाणी. पत्रांवर पाण्याचे डाग का, याचंही उत्तर त्या कहाणीतच होतं. गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनच्या आधी पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधला होता असं दाखवणारी पत्रं शालने १८६७ साली अकादमीपुढे मांडली. शोध फ्रान्सचा ठरत होता, सभागृह खूश झालं.

मग आक्षेप सुरू झाले. पास्कल १६६२ साली वारला. त्याने न्यूटनला ही पत्रं लिहिली म्हणतात तेव्हा न्यूटन शाळकरी पोर होता. ग्लासगोच्या वेधशाळेचे प्रमुख रॉबर्ट ग्रँट यांनी तर आकडेच पकडले: पास्कलच्या नावावरच्या टिपणांतले ग्रहांच्या वस्तुमानांचे आकडे न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाच्या तिसऱ्या, म्हणजे १७२६ सालच्या आवृत्तीतले होते! एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण आक्षेप आला की थोड्याच दिवसांत त्याला नेमकं उत्तर देणारं नवं पत्र ल्यूकाकडून यायचं आणि शाल ते अकादमीत वाचून दाखवायचा. हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला शालबद्दल वाईटच वाटतं. शंका आल्यावर लगोलग पुरावा मिळत गेला, आणि तो कोण पुरवतोय हे त्याने बघितलं नाही. गणितात एवढा काटेकोर असलेला माणूस इथे देशप्रेमाने आणि हौसेने आंधळा झाला.

१८६९ साली ल्यूका पकडला गेला. त्याने शालला २७ हजारांहून जास्त कागद विकले होते आणि लाखाहून अधिक फ्रँक घेतले होते. त्यात क्लिओपात्राचं सीझरला लिहिलेलं पत्र होतं, अलेक्झांडरचं अॅरिस्टॉटलला होतं, येशूची शिष्या मेरी मॅग्डलीन हिचंही होतं, आणि सगळी फ्रेंचमध्ये. १८७० साली त्याला दोन वर्षांची कैद झाली.

हे दीडशे वर्षांपूर्वीचं झालं असं म्हणून सोडून देता येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९३८ पासून गॅलिलिओच्या हातचं म्हणून एक पान होतं. वर १६०९ साली व्हेनिसच्या प्रमुखाला दुर्बीण सादर करतानाच्या पत्राचा मसुदा, खाली १६१०च्या जानेवारीतली गुरूच्या चंद्रांची टिपणं. ग्रंथालयाचा तो मानाचा दागिना. २०२२ साली निक वाइल्डिंग या इतिहासकाराला वरच्या आणि खालच्या मजकुराची शाई फारच सारखी वाटली. महिन्यांच्या अंतराने लिहिलेल्या दोन मजकुरांची शाई इतकी सारखी कशी? त्याने वॉटरमार्क, म्हणजे कागद उजेडात धरला की दिसणारी खूण, तपासला. त्यातली ‘बी एम ओ’ ही अक्षरं बेर्गामो गावच्या कागदाची, आणि तसा वॉटरमार्क असलेला कागद १७७०च्या आधीचा सापडत नाही. गॅलिलिओ १६४२ साली वारला. पान विसाव्या शतकातल्या मिलानच्या तोबिया निकोत्रा या बनावटखोराचं असल्याचा निष्कर्ष निघाला आणि विद्यापीठाने तो स्वतःहून जाहीर केला. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

त्या पानाला खरेपणाचा दाखला कसा मिळाला होता तेही बघा. पिसाच्या कार्डिनल माफींनी आपल्या संग्रहातल्या गॅलिलिओच्या कागदांशी ते ताडून पाहिलं होतं. त्या संग्रहातले दोन कागद त्यांना निकोत्रानेच दिलेले होते. म्हणून कुणी ‘सर्टिफिकेट’सकट सही विकायला आणली की मी सर्टिफिकेट बाजूला ठेवतो आणि विचारतो, ही तुमच्याकडे आली कुठून?

"मग एवढा आटापिटा कशाला? मजकूर तर छापील मिळतोच की," असं यावर हमखास येतं. त्याला माझं उत्तरही गॅलिलिओच, पण खरा. डिसेंबर १६१३ मध्ये त्याने बेनेदेत्तो कास्तेल्ली या आपल्या शिष्याला एक लांबलचक पत्र लिहिलं. सूर्य स्थिर की पृथ्वी, हा प्रश्न बायबलच्या आधारे सोडवू नये असा त्याचा मुद्दा. पत्राच्या नकला फिरल्या आणि १६१५ साली त्यातली एक तक्रारीसोबत रोमच्या धर्मन्यायालयाकडे गेली. तेव्हा गॅलिलिओने एका मित्राकडे दुसरी, सौम्य प्रत पाठवली आणि सुचवलं की तक्रारदाराने माझ्या मजकुरात फेरफार केलेला असावा. खरं कोण बोलत होतं? दोन्ही मजकूर छापून उपलब्ध होते, तरी चारशे वर्षं हे ठरत नव्हतं.

२०१८च्या ऑगस्टमध्ये साल्वातोरे रिचार्दो हा इटालियन अभ्यासक लंडनला रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयात वेगळंच काही शोधत असताना मूळ पत्र त्याच्या हाती लागलं. सात पानं, शेवटी ‘जी. जी.’ अशी सही. आणि मजकुरात खाडाखोड! बायबलमधली काही विधानं शब्दशः घेतली तर ‘खोटी’ ठरतात असं आधी लिहिलेलं, ते खोडून वर ‘सत्याहून वेगळी दिसतात’ असं केलेलं. बायबल काही तत्त्वं ‘लपवतं’ हे खोडून त्याजागी ‘झाकून ठेवतं’. खोडलेला मजकूर तक्रारदाराच्या प्रतीशी जुळतो, वर लिहिलेला सौम्य प्रतीशी, आणि अक्षर दोन्हीकडे गॅलिलिओचं. मजकूर त्याने स्वतःच मवाळ केला होता. धर्मन्यायालयाची सावली पडल्यावर एवढा मोठा माणूस एकेक शब्द कसा बदलत गेला हे त्या खाडाखोडीतच बघायला मिळतं. छापताना अशी खाडाखोड बहुधा गळून जाते. एवढ्यासाठी मी कागद जपतो. पानाच्या मधोमध केलेल्या नीटनेटक्या सहीपेक्षा काटछाट केलेलं, घाईत लिहिलेलं, हिशेबाचं का असेना पण पत्र मला हवं असतं. नुसत्या सहीसाठी पत्राचा तळ कापून घेणारे लोक पूर्वी होते, आजही आहेत. त्यांच्याबद्दल माझ्याकडे चांगला शब्द नाही.

आता आपल्याकडचं. मराठी घरांत एक असा संग्रह विखुरलेला आहे, ज्याच्या खरेपणाबद्दल भिंग लावायची वेळच येऊ नये. डॉ. जयंत नारळीकरांपुढे मुलांनी सहीसाठी वही धरली की ते लगेच सही करत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन, असं सांगत आणि तसं करतही. सही मागायला आलेल्या मुलाला यापेक्षा चांगलं काय देता येईल मला सुचत नाही. संग्राहकाच्या नजरेने बघितलं तर एका कार्डात सगळं आलं: तारीख, टपालाचा शिक्का, पत्ता, मजकूर, आणि ज्याच्या नावे ते आलं तो माणूस घरातच.

नारळीकर सर २० मे २०२५ला गेले. पोस्टकार्डं मिळालेली मुलं आता चाळिशी-पन्नाशीत असतील. तुमच्या घरी असं कार्ड असेल तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, भिंतीवर उन्हात टांगू नका. फ्रेममध्ये घातलंत तर शिक्क्याची आणि पत्त्याची बाजू कायमची झाकली जाईल. आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात ठेवा. सोबत वेगळ्या कागदावर लिहून ठेवा: प्रश्न कुणी विचारला होता, तेव्हा कितवीत होता, सर कुठे भेटले होते. आजोबांच्या ट्रंकेत याहून जुनं काही निघालं आणि परदेशात विकायचा सल्ला कुणी दिला, तर १९७२चा पुरावशेष कायदा आधी बघा. ७५ वर्षांहून जुनी, विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची हस्तलिखितं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

मला असं कार्ड विकू नका. पण दाखवायला जरूर आणा, कारण तुम्ही बारा-तेरा वर्षांचे असताना सरांना काय विचारलं होतंत ते मला वाचायचं आहे.